वर्ण: गव्हाळ

मी चिपळूणहून निघालो त्या सकाळी सगळे अंगणात फोटोसाठी उभे राहिले. आई मात्र पडवीतच थांबली. "मी नको रे, माझ्यामुळे फोटो काळा येतो," म्हणाली. एसटीची वेळ झाली होती, कोणी आग्रह केला नाही. त्या फोटोत शेजारचे काकासुद्धा आहेत, आई नाही.

गावी राहिलेल्यांनी आणि माझ्यासारखं इकडे आलेल्यांनी वाचावं म्हणून हे लिहितो. मी सौदीला सुतार म्हणून आलो. आता जेद्दात प्रदर्शनांची चित्रं मोजूनमापून टांगण्याचं काम बघतो. इथल्याच अल अझीझिया भागात भाड्याचं घर आहे. बायको सुनंदा घर सांभाळते. मुलगी मुक्ता फिजिओथेरपिस्ट आहे आणि रागावली की इंग्रजीत बोलते.

या हिवाळ्यात क्युबाच्या एका चित्रकार बाईंचं प्रदर्शन लागलं. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेले. एकाच म्हातारीचा चेहरा त्यांनी पाच वेळा रंगवला होता. रंग प्रत्येक वेळी तोच, काळा, जराही फिका न केलेला. प्रत्येकाखाली शब्द मात्र वेगळा. चौकट सरळ आहे का बघायला मी लेव्हल लावत होतो, त्या शेजारीच होत्या. काय लिहिलंय, विचारलं.

"आमच्याकडे काळं म्हणायला लाजतात, म्हणून इतके शब्द," त्या म्हणाल्या. "ही माझी आजी. पाहुणे आले की हिला स्वयंपाकघरात बसवायचे."

मधल्या शब्दाचा अर्थ त्यांनी सांगितला: गव्हाच्या रंगाची.

मुक्ताचा बायोडेटा मीच टाइप केला होता. उंची पाच फूट दीड इंच. सुनंदा म्हणाली दोन लिहा, मी ऐकलं नाही. खोटं कशाला? आणि खालच्याच ओळीत 'वर्ण: गव्हाळ' लिहिताना मला काहीच वाटलं नव्हतं. मुक्ता थेट माझ्या आईच्या रंगाची आहे.

त्याच शुक्रवारी पुण्याच्या स्थळाचा व्हिडिओ कॉल होता. सुनंदाने टेबललॅम्प मुक्ताच्या तोंडासमोर आणून ठेवला.

"मम्मी, प्लीज! डोळे दिपतात."

"जरा सोस. हे तरी स्थळ हातचं जायला नको."

मुक्ता माझ्याकडे बघत राहिली. मी दिवा बंद केला. सुनंदा काही म्हणणार, तेवढ्यात कॉल लागला.

मुलगा बरा बोलला. मग त्याची आई स्क्रीनजवळ सरकली. "तिकडे ऊन फार असेल ना हो? नाही, बायोडेटात गव्हाळ होतं, म्हणून..."

"आई, असू दे ना," मुलगा पुटपुटला.

"उन्हाने नाही," मी म्हणालो. "आमची मुलगी काळीच आहे, माझ्या आईसारखी. बायोडेटात मी चुकीचं लिहिलं."

मुलाची आई स्क्रीनपासून मागे सरकली. मग "कळवतो" झालं आणि स्क्रीन बंद झाला.

"झालं, खलास!" सुनंदा म्हणाली. "जीभ आवरता येत नाही का तुम्हाला?"

"पहिल्यांदा काळी म्हणालात, बाबा," मुक्ता म्हणाली. मराठीत. ती हसतेय की रडणार आहे, मला कळेना.

पाहुणे पुण्यात असूनही सुनंदाने सवयीने कांदेपोहे केले होते. ते आम्हीच खाल्ले. पुण्याचा फोन अजून आलेला नाही.

पूर्वी घर म्हटलं की चिपळूण डोळ्यांसमोर यायचं. आता ते टेबल येतं: तोंड फिरवून बसलेली सुनंदा, आणि दुसऱ्यांदा पोहे वाढून घेणारी मुक्ता.