तिसऱ्या मजल्यावरची मुलगी

आमच्या घरात चार माणसं राहतात. पण बडोद्याला आलो त्या वर्षी जूनपासून दिवाळीपर्यंत आम्ही पाच होतो. पाचवी एक मुलगी होती. नववीतली, दोन वेण्या घालणारी. तिला आमच्यापैकी कोणी कधी पाहिलं नाही. तिला घरात मीच आणलं होतं, म्हणून तिची हकिगतही मलाच सांगायला हवी.

माझी सांगलीहून बडोद्याला बदली झाली, तेव्हा आमच्याकडे सगळ्यांचं एकच मत पडलं: बडोदं म्हणजे आपलंच. थोरल्या मेव्हण्यांनी तर मला चक्क बसवून सांगितलं, "हे बघा, राजे आपले, वाडे आपले, अर्धा गाव आपला. तुम्ही परराज्यात चाललाच नाही आहात." मेव्हणे बडोद्याला कधी गेले होते असं मी विचारलं, तर ते एकदा दिल्लीला जाताना स्टेशनवर चहा प्यायले होते. चहा कसा होता हेही त्यांना आठवत होतं. मला एवढा पुरावा पुरला.

मुलीला पुरला नाही. ती आठवी संपवून नववीत जाणार होती. सगळं शिक्षण मराठी शाळेत, सगळ्या मैत्रिणी दोन गल्ल्यांत. धाकटा तिसरीत होता, त्याला कुठेही नेलं असतं तरी त्याने फक्त खाली खेळायला जागा आहे का एवढंच विचारलं असतं. मुलीने मात्र अट घातली.

"एक तरी मराठी मुलगी पाहिजे बाबा. शाळेत नसली तरी चालेल, बिल्डिंगमध्ये पाहिजे. संध्याकाळी जिच्याशी मराठीत भांडता येईल अशी. नसेल तर मी मावशीकडे राहते, दहावी होईपर्यंत."

मावशी, म्हणजे माझी मेहुणी, सांगलीतच राहायची आणि तिची तयारी होती. नुसती तयारी नव्हे, तिने मुलीसाठी खिडकीजवळची खाट रिकामी करून ठेवली होती. बायको नंतर ओट्याशी उभी राहून मला म्हणाली, "अहो, तिला इथे ठेवून मला तिकडे झोप लागायची नाही. एवढं लक्षात ठेवून घर बघा."

मी कंपनीत खरेदी विभागात आहे. तीन कोटेशनं आल्याशिवाय साधा पान्नासुद्धा विकत न घेणारा माणूस अशी माझी ख्याती आहे, आणि ती माझ्या पाठीमागे हसत सांगितली जाते. घरही मी त्याच पद्धतीने घ्यायचं ठरवलं. एप्रिलच्या शेवटी तीन दिवस रजा टाकली, कागदावर तक्ता आखला आणि बडोद्यात उतरलो. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला ठसक्यात म्हणालो, "सयाजीगंजात सोडा." तो हिंदीत म्हणाला, "बैठिए." मी मनात म्हटलं, हा बाहेरचा दिसतोय.

सयाजीगंजात लॉज होता, त्यामुळे तो भाग आधी पाहून झाला. खाण्याची ददात नाही, पण जिकडेतिकडे मोटरसायकलवर बसलेली कॉलेजची मुलं. मुलीला नववीतच हॉस्टेलवर टाकल्यासारखं झालं असतं. अलकापुरी ऑफिसला जवळ. तिथलं भाडं दलालाने एकदाच सांगितलं, मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. शिवाय तिथे दुकानं, हॉटेलं सगळं दिसलं, रस्त्यावर पोरं दिसली नाहीत. तिसऱ्या दिवशी हरणी. विमानतळाच्या अलीकडे एकापुढे एक सोसायट्या, ऑफिस लांब, भाजीवाला लांब. दलाल आपला म्हणत होता, "साहेब, एकदम शांति छे. स्कूलबस गेट पर आवे." तक्त्यात हरणीला सगळ्यात कमी गुण पडले होते.

संध्याकाळ व्हायला आली होती. दलाल किल्ली आणायला वॉचमनकडे गेला आणि मी एका सोसायटीच्या अंगणात एकटाच उभा राहिलो. तेवढ्यात वरून आवाज आला.

"अगं, सरळ बस. मान वाकडी केलीस की भांग वाकडा जाणारच. रिबीन कुठे टाकलीस? रोज मीच शोधून द्यायची का?"

बाईचा आवाज होता. शुद्ध मराठी, जरा वैतागलेलं, जरा लाडातलं. मान वर केली तर तिसऱ्या मजल्यावर एक उघडी खिडकी, निळा पडदा, आणि पडद्याआड कोणीतरी पाठमोरं उभं. मुलगी दिसली नाही. ती खाली बसलेली असणार, वेणी घालून घेणारी मुलगी दिसेल कशी. तीन दिवसांत माझ्या कानावर पडलेलं ते पहिलं मराठी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे मी घरी सांगितलं नाही. तक्ता घडी करून खिशात घातला. दलाल किल्ली घेऊन आला तेव्हा फ्लॅट न बघताच मी हो म्हणालो. नंतर कळलं की त्याला घासाघीस करणाऱ्या माणसांची सवय होती आणि माझ्यामुळे तो जरा घाबरला होता.

तिथूनच घरी फोन केला. मुलीला म्हणालो, "मिळाली. मराठी मुलगी आहे. समोरच्या विंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर."

"कितवीत आहे?"

खरं तर मी "माहीत नाही" म्हणायला हवं होतं. "तुझ्याएवढीच असेल," म्हणालो. जरा थांबून, "नववीतच," असंही म्हणालो.

रात्री बायकोने वेगळाच मुद्दा काढला. "दिवेलागणीला वेणी घालत होती? तिन्हीसांजेला केसांना कंगवा लावतं का कोणी? मराठी कशावरून?" मी म्हणालो, शहरातल्या बायका कुठे पाळतात हल्ली. तिला ते पटलं नाही. आमच्याकडे असल्या गोष्टी कोर्टाच्या निकालासारख्या असतात. बायकोने बोट बरोबर जागेवर ठेवलं होतं, आणि मी ते बाजूला सारलं.

जूनच्या सुरुवातीला आम्ही सामानासकट आलो. ट्रकमधून पहिलं कपाट उतरायच्या आत मुलीने वर पाहिलं. खिडकी बंद होती. पडदाही नव्हता.

"सुट्टीत गावाला गेले असतील," मी म्हणालो.

शाळा सुरू झाली तरी खिडकी उघडली नाही. "लग्नकार्य असेल एखादं." जुलै लागला. "आजी आजारी असेल." खोटं बोलण्यात मी कच्चा आहे, पण अंदाज बांधण्यात पक्का, आणि त्या दिवसांत मला त्यातला फरक कळेनासा झाला होता. रोज सकाळी मी मुलांना बसपर्यंत सोडायचो आणि बस वळेपर्यंत गेटशी उभा राहायचो. मुलगी तिसऱ्या सीटवर खिडकीशी बसायची आणि शेजारच्या जागेवर स्वतःची बॅग ठेवायची. पहिल्या दिवशी मी विचारलं तर म्हणाली, "ती आली तर बसेल की." बस निघून जायची, बॅग तशीच.

हळूहळू ती मुलगी आमच्यात राहायला लागली. धाकट्याने तिला आपल्या टीममध्ये घेऊन टाकलं, "ती आली की बॉलिंग टाकेल." मुलगी गुजरातीची अक्षरं गिरवताना म्हणायची, "ह्यांच्या डोक्यावर रेघच नाही, उघडी पडल्यासारखी वाटतात. तिला येत असेल नाही हे सगळं?" गणपतीत बायकोने मोदक केले आणि ताटातला एक सहज बाजूला काढून ठेवला. कोणासाठी, असं मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तो कडक झाला, तरी तिने तो लगेच टाकला नाही.

आणि मला आवाज ऐकू येत राहिला. रोज ऑफिसातून येताना अंगणात पाय आपोआप थांबायचे. एकदा तर मला भांग, रिबीन सगळं इतकं स्पष्ट ऐकू आलं की मी सरळ जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेलो. दाराला कुलूप होतं. चौकटीवर आंब्याच्या पानांचं तोरण, वाळून काळं पडलेलं. कुलूप दिसत असूनही मी बेल दाबली. आत रिकाम्या खोल्यांतून ती बरीच लांब वाजत गेली. वाजायची थांबली तेव्हा मला उगाच वाटलं की आत कोणीतरी ऐकतंय आणि श्वास धरून बसलंय. मी लिफ्टची वाट न बघता खाली आलो. दुसऱ्या मजल्यावर चप्पल निसटली, ती हातात घेऊन पुढच्या वळणावर घातली.

शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं. सत्तरीचे गृहस्थ, आडनावाने आणि मिशांनी मराठी. पणजोबा महाराजांच्या फौजेत होते हे त्यांनी मला पहिल्या भेटीत सांगितलं होतं, तेही निम्मं गुजरातीत. नातवंडं मराठी समजतात पण बोलत नाहीत, हेही सांगितलं होतं.

"बेसा ने, उभे काय राहिलात," ते म्हणाले. "तिसरा माळा? ए तर बँकवाल्या बेन. एकल्या रहायच्या. मे महिन्यात बदली करून गेल्या, नागपूरला."

"आणि मुलगी?"

"मुलगी इथे क्यां होती? आजीकडे, नागपूरला. इकडची शाळा नको म्हणून तिकडेच ठेवलेली. तीन वरस आम्ही तिला बघितली पण नाही. बेन बँकेतून आल्या की खिडकीत उभ्या रहायच्या, आत फोनचं टॉवर पकडत नाही ने. फोन टेकवून व्हिडिओवर समोर पोरीला बेसवायच्या, आणि ती तिकडे स्वतःच्या हातानं वेणी घालणार, ह्या इथून सांगणार. भांग सरळ कर, रिबीन बांध." ते जरा थांबले. "आखी सोसायटी ऐकायची. कोणी काही बोललं नाही कधी."

मी चहा घेतला की नाही ते आठवत नाही. खाली आलो तर मुलगी अंगणात सोसायटीतल्या दोघी-तिघींबरोबर उभी होती. मला बघून तिने हात केला. तिला सांगायचं म्हणून मी तिच्या दिशेने चार पावलं गेलो, आणि "जेवायला काय केलंय ग आईने?" असं विचारून पुढे निघून गेलो.

बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती, मळायची थांबली. "तीन वर्षं?" एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने, "म्हणून तिन्हीसांजेला. दुसरी वेळच नसेल तिला." मग तिने पुन्हा कणकेत हात घातला आणि गोळा होऊन गेल्यावरही बराच वेळ मळत राहिली.

मुलीला सांगायला मात्र मला पाच आठवडे लागले. नवरात्र आलं आणि गेलं. दिवाळीची सुट्टी समोर आली. मावशीचा फोन येऊन गेला, शाळेत हेडमास्तरांशी बोलले आहे, दिवाळीनंतर आली तरी घेतील, काय ते कळवा. म्हणजे आता पळायला जागा उरली नव्हती. एका रविवारी सकाळी मी मुलीला एकटीलाच सेव-उसळ खायला घेऊन गेलो. सेव-उसळ ही मिसळीची लांबची बहीण आहे असं माझं मत, आणि ते मी प्रत्येक वेळी सांगतो. त्या दिवशी सांगितलं नाही.

दोन प्लेटी आल्या. मला तिखट सोसत नाही, पण त्या दिवशी तेही बोललो नाही. मी सगळं सांगितलं. निळा पडदा, फोन, आजी, नागपूर. नववीतच आहे हे मी मनचं घातलं होतं, तेही.

ती पाव मोडत होती. म्हणाली, "माहितीय मला."

"कधीपासून?"

"शाळेच्या दुसऱ्या आठवड्यापासून. बसमधल्या मुलींनीच सांगितलं. तिथे कोणी मुलगी नव्हतीच, नुसती फोनवर असायची म्हणून."

"मग ती बॅग? शेजारच्या सीटवर?"

"तुम्ही गेटवर उभे असायचात ना. बस वळली की मी काढायचे. पुढच्या स्टॉपवर माझी मैत्रीण चढते, ती बसते तिथे. पटेल आहे."

मी प्लेटीत बघत राहिलो. जवळजवळ चार महिने मी तिची समजूत काढत होतो असं मला वाटत होतं.

"मावशी विचारतेय," मी म्हणालो. "तुझी अट होती. मी पाळली नाही. तू जायचं म्हणालीस तर मी स्वतः सोडायला येईन, आईला मी समजावेन."

ती उसळीतली सेव चमच्याने खाली दाबत बसली, मऊ होईपर्यंत.

"जायचं होतं," ती म्हणाली. "सप्टेंबरमध्ये फार वाटत होतं. मावशीला मेसेज पण लिहिला होता. मग आई एकदा कपडे वाळत घालताना त्या खिडकीकडे बघत उभी होती. बराच वेळ. तेव्हा ठरवलं नाही जायचं. मी गेले ना, तर आई तशीच उभी राहणार रोज. फोन टेकवून."

"अगं, आमच्यासाठी म्हणून नको—"

"झालं ना आता ठरवून. मावशीला मीच सांगते."

बायकोने सांगितलं होतं ते मी पार पाडलं होतं. मुलगी राहणार होती, घर मोडणार नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं. पण समोर बसलेल्या चौदा वर्षांच्या मुलीने आम्हा दोघांना पदरात घेतल्यासारखं बोलून टाकलं होतं, आणि मी तिला नको म्हणू शकलो नाही, कारण मला ते हवंच होतं.

गाडीवाला तरीचं भांडं घेऊन आला. माझ्या प्लेटीकडे बघून त्याने काहीतरी विचारलं. मुलीने गुजरातीत उत्तर दिलं. दोन-चार शब्द नव्हे, चांगलं लांबलचक वाक्य, मध्ये कुठेही न अडखळता. आवाज वेगळा होता, घरातल्यापेक्षा जरा खालचा, घाईचा. तो माणूस माझ्याकडे बघून हसला आणि त्याने अर्धाच डाव तरी माझ्या प्लेटीत सोडली.

"काय सांगितलंस त्याला?"

"काही नाही बाबा. खा."