गिरणीवाल्या काकीचा कान

डॉक्टरांनी काकीच्या उजव्या कानामागची गाठ काढली. गाठीबरोबर ऐकण्याची नस गेली. डावीकडची त्याआधी गेली होती. सकाळी काकीला ऐकू येत होतं, संध्याकाळी येत नव्हतं.

काकी म्हणजे माझी चुलती. धायरीत तिची पिठाची गिरणी होती, आजूबाजूला शेतं होती तेव्हापासूनची. शेतं जाऊन इमारती आल्या, तरी गिरणी पत्र्याखालीच राहिली. दळणाचा डबा समोर आला की काकी आधी मूठभर दाणे तळहातावर घ्यायची. पसंत नसले तर झाकण लावून डबा परत सरकवायची. "किडकं हाय. घरी न्या, ऊन दाखवा." इमारतींतल्या बायकांना हा अपमान वाटायचा. काकीला त्याचं काही नव्हतं. माणसांनाही ती हाच 'किडकं' शब्द लावायची. गावातल्या एका पुढाऱ्याबद्दल तिचं एकूण मत तेवढंच होतं.

बहिरी झाल्याचं तिच्या गिऱ्हाइकांना बरेच दिवस कळलंच नाही. गिरणी चालू असताना तिथे कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. सगळा व्यवहार ओठांवर आणि बोटांवर चालतो. बारीक म्हणजे चिमूट, जाडसर म्हणजे अंगठा बोटांवर घासायचा. ओठ वाचायची सवय तिला लग्न होऊन आली तेव्हापासूनची. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करतो, म्हणून ती मला पुस्तक्या म्हणायची. "पुस्तक्या, तू बोलतोस कमी, पर तोंड उघडून बोलतोस. आमचा संदीप मिशीतच बोलतो."

संदीप तिचा मुलगा.

एक गोष्ट मात्र ओठांवर नसते. गिरणीच्या वरच्या पत्र्याच्या पेटीतले दाणे संपले की दगडाला दगड लागतो आणि आवाज बदलतो. तो बदलला की लगेच दगड ढिले करायचे, नाहीतर दगडाची कच पिठात उतरते. हे काम कानाचं. एकदा एक बाई फडक्यात भाकरी बांधून घेऊन आली आणि ती तिने वजनकाट्यावर ठेवली. "काकी, दाताखाली कचकच येतीये." काकीने तुकडा तोंडात टाकला, चावला आणि बाहेर जाऊन थुंकली. त्या दिवशीचं सगळं पीठ तिने फेकून दिलं, लोकांना आपल्या घरचे गहू दळून दिले. रात्री संदीप म्हणाला, "आई, आता बास झालं. बंद करू गिरणी." ती ताटाकडे बघत राहिली. ओठ बघितले नाहीत की तिला उत्तर द्यावं लागत नसे.

पुढे डॉक्टरांनी एक यंत्र सुचवलं. कानात बसवतात ते नेहमीचं यंत्र तिच्या उपयोगाचं नव्हतं. ते नसेकडून आवाज पाठवतं आणि तिला नसच नव्हती. हे दुसरं थेट मेंदूच्या देठावर बसवायचं, तारांची एक लहानशी पट्टी. बाहेर कानामागे एक डबी आणि डोक्याला चुंबकाने चिकटणारी चकती. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की शब्द बहुधा कळणार नाहीत. दार वाजलं, हॉर्न वाजला, एवढं कळेल. ओठ वाचायला मदत होईल. संदीपने त्यातलं "ऐकू येईल" एवढंच घरी नेलं. काकीने एकच विचारलं, "पेटी रिकामी झाली तर कळंल का?" मी बरोबर होतो, डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, "खात्री देत नाही." तिने त्यांचे ओठ वाचले. "मग करा," म्हणाली. "खात्री देणाऱ्याकडं मी न्हाई करणार."

यंत्र सुरू करायच्या दिवशी संदीपने सहा-सात माणसं आणली. छातीला तारा लावलेल्या, काळजाचे ठोके पडद्यावर चाललेल्या त्या बाईभोवती सगळे मोबाइल वर धरून उभे. डॉक्टर डोक्यातल्या पट्टीची एकेक तार सुरू करून बघत होते. एकीने घशात खवखवायचं, एकीने डोळा फडफडायचा; त्या बंद केल्या. मग एका तारेला ती थबकली. संदीप पुढे वाकून म्हणाला, "आई." पुन्हा म्हणाला. तिने तोंड वाकडं केलं. "पत्र्यावर खडे वतल्यागत वाजतंय."

"आई, जरा डोळे पूस ना," संदीप म्हणाला. "व्हिडिओ चाललाय."

डोळे कोरडेच होते, तिने पुसले नाहीत. तरी व्हिडिओ सगळीकडे गेलाच, मागे सनईचे सूर घालून. मी तो एकदाच पाहिला.

त्यानंतर लोक तिला तपासायला येऊ लागले. दुसरा शब्द मला सुचत नाही. पाठीमागून टाळी वाजवायचे, स्टीलचं ताट फरशीवर टाकायचे, आणि ती दचकली की हसायचे. एक व्याही मागे उभा राहून बराच वेळ तिला शिव्या देत होता आणि "कळलं का?" म्हणून बाकीच्यांना डोळा मारत होता. चौकात फ्लेक्स लागला. 'काकींना ऐकू येऊ लागल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुकांचे चेहरे, तिच्या चेहऱ्यापेक्षा मोठे. ती रिक्षातून त्याखालून गेली तेव्हा मी शेजारी होतो. तिने मान वर करून सगळे चेहरे नीट पाहिले. "सगळा डबा परत द्यावा लागंल," म्हणाली.

सत्कारही झाला, आणि त्याला ढोलपथक बोलावलं. मेंदूच्या देठावर तारा असलेल्या बाईसमोर, हातभर अंतरावर, पंधरा ढोल. हे करताना एकाही माणसाच्या मनात काही आलं नाही. तिला ऐकू येतं ना, मग ऐकवायचं. तिसऱ्या ठोक्याला काकीने पदर सारखा केल्यासारखं करून चकती काढली, कमरेच्या पिशवीत टाकली आणि शाल-श्रीफळ मांडीवर घेऊन शांत बसून राहिली. तोच पुढारी माइकवर म्हणाला, "बघा, आमच्या काकी कशा तल्लीन झाल्यात." टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांची किळस माझ्या अंगावरून अजून गेलेली नाही.

गिरणीत मात्र ती चकती लावून उभी राही. सुरुवातीला सगळं खडेच. पट्टा, मोटर, माणसं, रस्ता, एकच खडखडाट. डोकं धरून बाहेर येई, पाणी पिई आणि पुन्हा आत जाई. महिने गेले. एका रविवारी मी दळण घेऊन गेलो होतो. ती दाराकडे तोंड करून एका बाईशी बोटांनी बोलत होती, पेटीकडे पाठ. एकाएकी तिचा हात हवेत थांबला. ती वळली, दोन पावलांत गिरणीपाशी गेली आणि दगड ढिले केले. पेटी रिकामी होती.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"खडे बदलले," ती म्हणाली.

मग तिने मला तिथेच उभं केलं. पाठ फिरवून ती बसायची, मी थोडे गहू ओतायचे, ते संपू द्यायचे. दर वेळी तिचा हात वर. संध्याकाळपर्यंत आमचं हेच चाललं होतं. दोघांच्याही पापण्या पांढऱ्या झाल्या. मोबाइल कुणी वर धरला नव्हता. घरी जाताना ती एवढंच म्हणाली, "संदीपला सांगू नकोस. पुन्हा ढोल आणंल."

तिची गिरणी आणखी काही वर्षं चालली आणि पिठाबद्दल कुणी तक्रार केली नाही. नंतर गाठी पाठीच्या कण्यात निघाल्या. त्यात ती गेली. दशक्रियेला घाटावर मोठा पडदा लावून संदीपने तो सनईचा व्हिडिओ दाखवला. पुढारी पुन्हा ते तल्लीन झाल्याचंच बोलला. मी कावळा शिवायची वाट न बघता निघून आलो.

कानामागची डबी आणि चकती संदीपने दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवली आहे, शाल आणि श्रीफळाच्या शेजारी. गिरणी भाड्याने दिली आहे. नवा माणूस चांगला आहे, तरुण आहे, दिवसभर कानात गाणी घालून काम करतो. मी अजून तिथेच दळण नेतो. पिठात कच लागते.