बायच्या तीन खोल्या आणि अडकणारा मेल

गणपतीची चवथ होऊन फार दिवस झाले नव्हते. गोव्यात साखळी गावच्या बाजारात मी भाजी घेत होतो, तेवढ्यात शेवंतीचा फोन आला. शेवंती माझ्या बहिणीकडे, बायकडे, मांद्र्याला कामाला असते, पाहुण्यांच्या खोल्या आणि स्वयंपाक दोन्ही बघते. पण ती स्वतःहून फोन करणारी नव्हे. "भाऊ, बाय उठना," एवढंच म्हणाली. मग थोडं थांबून, "दोतोर येवन गेलो..." पुढचं सांगायची गरज नव्हती. मी पोचलो तेव्हा बायला तिच्या खाटेवर नीट निजवलं होतं. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. पाहुण्यांचा मोसम जवळ आला म्हणून आदल्या दिवशी तिने सगळ्या खोल्यांच्या चादरी धुवायला काढल्या होत्या. त्या अजून मागच्या दोरीवर होत्या.

बाय माझी थोरली बहीण. जन्मभर पेडणे तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यांत नर्स होती. लग्न केलं नाही आणि त्याबद्दल कधी बोललीही नाही. निवृत्त झाल्यावर मांद्र्याच्या आमच्या घराला लागून तिने तीन खोल्या बांधल्या आणि पाहुणे ठेवू लागली. पाटी लावली नाही. एकदा येऊन गेलेला माणूस दुसऱ्याला सांगायचा, त्याचा मेल यायचा, बाय उत्तर द्यायची आणि खोली ठरायची. माझी मुलगी केतकी पुण्याला नोकरीला गेली तेव्हा जाण्याआधी तिने बायच्या टेबलावर संगणक बसवून त्यात मेलचा प्रोग्राम घालून दिला होता. मांद्र्यात इंटरनेट कधी असतं, कधी नसतं. या प्रोग्राममध्ये आलेले मेल संगणकातच उतरतात, त्यामुळे नेट नसलं तरी वाचता येतात, उत्तर लिहून ठेवता येतं. बायला हे फार पटलं होतं. सकाळी पोदेराकडून पाव घेऊन झाला की ती चहाचा कप घेऊन जनेलाजवळ, खिडकीच्या उजेडात, त्या टेबलापाशी बसायची.

काही वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग प्रोग्राम अडकायला लागला. एखादा मेल उघडावा तर खिडकी पांढरी पडायची, वर 'प्रतिसाद देत नाही' अशी सूचना यायची आणि बाणाच्या जागी चक्र फिरत राहायचं. बाय थांबायची. थांबणं तिला नवीन नव्हतं. पण एका नाताळच्या आधी थांबूनही भागलं नाही. नाशिकच्या एका वयस्क जोडप्याला तिने आधी 'बहुतेक खोली मिळेल' असं कळवलं होतं. मग बेळगावच्या एका कुटुंबाचं ठरलं आणि तिन्ही खोल्या भरल्या, म्हणून 'या वेळी जागा नाही' असं उत्तर लिहून तिने पाठवलं. पाठवताना खिडकी पांढरी पडली. शेवटी कंटाळून तिने बटण दाबून संगणकच बंद केला. उत्तर गेलं असं ती धरून चालली. ते आतच पडून राहिलं होतं.

ठरल्या दिवशी दुपारी नाशिकचे आजोबा काठी टेकत दारात उभे. बायने त्यांना पाणी दिलं, बसवलं, खरं काय झालं ते सांगितलं. आजी म्हणाल्या, "आम्ही दुसरीकडे बघतो हो." नाताळात मांद्र्याला दुसरीकडे काय मिळणार होतं? बायने शेवंतीला हाक मारली, आपल्याच खोलीतली चादर बदलून घेतली, त्या दोघांना तिथे ठेवलं आणि ते जाईपर्यंत स्वतः शेवंतीच्या घरी निजायला जात राहिली. पाहुण्यांना मात्र तिने आपण कुठे निजतो ते कळू दिलं नाही.

मला हे शेवंतीकडून कळलं. त्या रविवारी मी मांद्र्याला गेलो आणि बरेच दिवस मनात असलेलं बोलून टाकलं. घर चालवायला घ्यायला दिल्लीची एक पार्टी तयार होती. तसं आसपासच्या कितीतरी घरांचं झालं आहे. मी म्हटलं, "बाय, आता पुरे. त्यांना देऊन टाकूया. तू साखळीला ये, आमच्याकडे राहा."

तिने माझं पूर्ण ऐकून घेतलं. "मशीन आजारी पडला म्हणून घर देवचा?" तिने विचारलं. "पयलो माका बघूंदे, त्येका झालाहा काय ता."

मग तिने जे केलं ते तिच्या नोकरीतून आलेलं होतं. दुकानदाराने नवा संगणक घ्या म्हणून सांगितलं होतं. तिने त्याला नाही म्हटलं नाही, थोडं थांबा म्हणाली. त्रास कधीपासून, दिवसात केव्हा वाढतो, त्याआधी नवीन काय सुरू झालं, हे ती पाहू लागली. केतकी पुण्याहून फोनवर असायची. केतकी दोन-तीन गोष्टी एकदम करून बघ म्हणाली की बाय म्हणायची, "एका वेळी एकच औषध गो. नाय तर गुण कशाचो, कळना नाय."

आधी प्रोग्रामला जोडलेल्या सगळ्या जादा सोयी बंद करून तो उघडला. थोडा फरक पडला, फार नाही. मग व्हायरस शोधणारा प्रोग्राम प्रत्येक मेल पुन्हा पुन्हा तपासतो आहे का, ते पाहिलं, तसं नव्हतं. मेलची फाईल प्रचंड फुगली होती, हे खरं होतं. पाहुणे खोलीचे, समुद्राचे, शेवंतीच्या हातच्या माशांचे फोटो पाठवायचे आणि बाय एकही काढून टाकायची नाही. केतकीने सांगितल्याप्रमाणे तिने आधी सगळ्याची एक प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर काढली. प्रत झाल्याशिवाय दुरुस्तीला हात लावायचा नाही यावर ती ठाम होती, आणि ते बरंच झालं... फाईल दुरुस्त होत असतानाच वीज गेली. वीज आल्यावर मेलची फाईल उघडेचना. मी असतो तर डोक्याला हात लावून बसलो असतो. बायने चहा केला, प्रत परत आणून ठेवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. जुने मेल वर्षावर्षाप्रमाणे वेगळ्या फाईलींत गेले. प्रोग्राम हलका झाला, पण सकाळी अजूनही अडकायचाच.

सकाळीच का? हे तिने सोडलं नाही. अडकतो तेव्हा पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात दोन बाण गोल फिरत असतात, हे तिच्या लक्षात आलं. तिने फोनवर केतकीला सांगितलं. केतकी म्हणाली, "आत्ये, ते मीच लावून दिलं होतं." सुट्टीत आली असताना, काही हरवू नये म्हणून, तिने संगणकातली कागदपत्रं आपोआप इंटरनेटवर साठत जातील अशी सोय केली होती. मेलची फाईल त्याच फोल्डरमध्ये होती. मेलचा प्रोग्राम ती फाईल वापरायला घ्यायचा आणि त्याच वेळी दुसरा प्रोग्राम तीच वर पाठवायला ओढायचा. फाईल दुसऱ्या जागी हलवली, मेलच्या प्रोग्रामला नवी जागा दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बायचा मला फोन आला. "चलता," म्हणाली. "त्या दिल्लीवाल्याक नको म्हणून सांग."

मी सांगितलं. त्यानंतर मी पुन्हा विषय काढला नाही. नाशिकचं जोडपं पुढे दरवर्षी येत राहिलं. आजोबा गेल्यावर आजी एकट्या आल्या.

बाय गेल्यावरचे तेरा दिवस झाले आणि एका सकाळी मी त्या टेबलापाशी बसलो. मोसमातल्या खोल्या आधीच ठरलेल्या होत्या. पाहुण्यांना कळवणं भाग होतं. प्रोग्राम लगेच उघडला. शेवंती बाजूला वेताच्या बुटक्या मोड्यावर येऊन बसली. ज्यांनी खोल्या ठरवल्या होत्या त्यांना काय लिहायचं, ते दोघांनी मिळून ठरवलं : बाय गेली, आपण येणार असाल तर कळवा, नसाल तर समजून घेऊ. मी हे लिहीत असतानाच एका अनोळखी बाईंचा नवा मेल आला, डिसेंबरात खोली मिळेल का म्हणून. मी नकार लिहायला लागलो. शेवंतीने विचारलं, "काय लिवतास?" मी सांगितलं. तिने मोडा पुढे ओढला. मग म्हणाली, "खोल्यो मी बघतंय न्हय इतकी वर्सां? तुमी फकत लिवा."

मला घाईने हो म्हणवेना. बाय अशा मेलना कसं उत्तर द्यायची, ते बघू म्हणून मी तिची पाठवलेली उत्तरं उघडली. एकामागून एक वाचत गेलो. खोलीविषयी, जेवणाविषयी, बसविषयी ती नंतर लिहायची. प्रत्येक उत्तराची पहिली ओळ त्या सकाळच्या समुद्राची होती. आज पाणी शांत आहे. आज वारा आहे, होड्या बाहेर गेलेल्या नाहीत. टेबलाजवळच्या जनेलातून समुद्र दिसत नाही, मधे माड आहेत. म्हणजे लिहायला बसण्याआधी ती रोज जाऊन बघून येत होती...

मी शेवंतीला हे वाचून दाखवलं. ती उठली, चपला घातल्या आणि मागच्या वाटेने गेली. परत आली तेव्हा तिच्या पायांना ओली वाळू होती. "भरती आसा," ती म्हणाली. "पाणी गढूळ, पूण होड्यो भायर पडल्यात."

मी नकार पुसला आणि लिहायला घेतलं : आज भरती आहे, पाणी गढूळ आहे, पण होड्या निघाल्या आहेत.