आमचा मावसभाऊ आणि आम्ही शहाणी माणसं

आमच्या अख्ख्या गोतावळ्यात खरं बोलणारा माणूस एकच, माझा मावसभाऊ. आणि डॉक्टरांना दाखवलं तेही नेमकं त्यालाच. कडेगावजवळच्या एका गावात तो नळाला पाणी सोडतो. सकाळी सहाला व्हॉल्व्ह उघडणार, सातला बंद करणार. एकदा सरपंचांनी हाक मारली की माझं बॅरल अजून निम्मं आहे, तर हा म्हणाला, "तुमचं बॅरल फुटकं हाय, गावची टाकी न्हाई." जेवायला रोज तीच भाकरी, तेच पिठलं, बरोबर साडेबाराला. लग्नात बँड सुरू झाला की दोन्ही कानांवर हात ठेवून स्वारी मांडवाबाहेर. माझ्या बायकोनं एकदा मोठ्या हौसेनं विचारलं, "भावजी, साडी कशी दिसते?" त्यानं सांगितलं. ती साडी नंतर कपाटाबाहेर आलेली नाही.

त्याच्या तिशीत सांगलीच्या एका डॉक्टरीणबाईंनी आम्हाला 'ऑटिझम' हे नाव सांगितलं, मराठीत स्वमग्नता. हा काही आजार नव्हे, याचा मेंदूच जरा वेगळ्या पद्धतीनं चालतो, असं बिचाऱ्यांनी तासभर समजावलं. आम्ही तासभर माना डोलावल्या आणि गाडीत बसल्याबसल्या आपापलं निदान सुरू केलं. तमिळनाडूत सोनं गाळायचं दुकान असलेले आमचे मामा म्हणाले, "ताईनं लय लाडावलंय." मामी म्हणाल्या, "लगीन करून टाका, आपोआप सुधारतंय." अशी माणसं गणितात अफाट असतात, असं मी मोबाइलवर वाचलं होतं, म्हणून मी त्याला सतरा गुणिले तेवीस किती ते विचारलं. "मोबाइल तुझ्याच हातात हाय की," तो म्हणाला. मागच्या सीटवर त्याची आई, म्हणजे माझी मावशी, तेवढी डॉक्टरीणबाईंनी दिलेला कागद वाचत बसली होती.

यंदा ती मावशी गेली. हा रडला नाही. "असल्यास्नी मायाच नसती म्हणं," आलेल्या बायका कुजबुजल्या, आणि खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटलं. मामांनी ठरवून टाकलं की दिवस झाले की घराला कुलूप लावायचं आणि याला तमिळनाडूला न्यायचं. तिकीटही काढलं. "मी न्हाई येणार. हितं पाणी कोण सोडंल?" एवढंच तो रोज म्हणत होता, आणि आम्ही रोज ते कानाआड करत होतो.

दहाव्याला येरळा नदीच्या काठी पिंड ठेवला. बाभळीवर कावळे चिक्कार, पण शिवायला एकही तयार नाही. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली की असं होतं, मग नातेवाइकांनी शब्द द्यायचा. मामा हात जोडून पुढं झाले. "ताई, पोराला मी दुकानात नेतो, काळजी करू नगंस." कावळे ढिम्म. मामींनी लग्नाचा शब्द दिला. ढिम्म. मी पुण्यातला सगळ्यात मोठा डॉक्टर कबूल केला, तेव्हा एक कावळा उडूनच गेला. ऊन चटकायला लागलं. मग हा पुढं आला आणि कुणाच्याही तोंडाकडं न बघता म्हणाला, "आवं मामा, तुमी समदी लय जवळ हुबी ऱ्हायलाय. कावळा भितोय. मागं सरा."

आम्ही वीसेक पावलं मागं सरलो. कावळा आला आणि शिवला.

मामा ढसाढसा रडायला लागले. "ताईला पोरगं घरातच पायजे हुतं रं! याच्या तोंडनं मागं सरा म्हणाली ती आपल्याला!" सगळ्यांना एकदम पटलं. तिकीट तिथल्या तिथं रद्द झालं. "ती न्हाई, मी म्हणलो," असं हा दोनदा सांगायला गेला. दोन्ही वेळा मी त्याला कोपरानं ढोसलं.

दुसऱ्या दिवशी निघताना मी धीर करून विचारलं, "काय रं, आईची आठवण येते का?"

"व्हय. रोज साडेपाचला रडतो. सहाला पाणी सोडाय जायाचं असतंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दहा दिवस आम्ही सगळे त्याच घरात राहिलो होतो, आणि आमच्यातलं एकही माणूस आठाच्या आत उठलं नव्हतं.