बिनचिठ्ठीच्या बाटल्या

भायखळ्याच्या पुलाच्या अलीकडे ललिताच्या चपलेचा अंगठा तुटला. तो सुतळीनं बांधायला ती खाली बसली, आणि "मीही टेकते गो जरा" म्हणत सुंदराबाईंनी भिंतीला पाठ लावली.

भिंत नुकतीच रंगवली होती. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.' लाल अक्षरं अजून ओली होती आणि तैलरंगाचा वास असा, की दहा पावलांवरून डोळ्यांना पाणी यावं. ललितानं मान वर केली तोवर 'पाहिजे' सुंदराबाईंच्या निळ्या लुगड्यावर उलटं छापून आलं होतं.

ललिता सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात थबकली. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर कुणाचं दूध करपलं हे तळमजल्यावरून सांगणारी ही बाई. तिला पाठीमागच्या ओल्या रंगाचा वास कळू नये?

ललिताच्या मनात दोन महिने पाल चुकचुकत होती, ती आता चांगलीच मोठ्यानं चुकचुकली.

हरताळ होता. ट्रामा बंद, बसगाड्या बंद, दुकानांना फळ्या. काळाचौकीहून गिरगावात मुगभाटापर्यंत चालत जायचं तर सबळ कारण हवं, आणि ते होतं. सुंदराबाईंच्या जुन्या शेजारणीनं, राधाबाईनं, निरोप धाडला होता: सून बाळंतीण होऊन दोन महिने झाले, भिंतीकडे तोंड करून बसते, बोलत नाही, तुमचं तेल घेऊन या. सुंदराबाईंनी पिशवीत चार बाटल्या घातल्या. ललिता त्याच चाळीतली शाळामास्तरीण; तिची शाळा हरताळामुळे बंद, म्हणून ती सोबत निघाली. निदान तिनं चाळीत तसं सांगितलं.

खरं कारण त्या चार बाटल्या. वाळा, मोगरा, दवणा आणि निलगिरी. चारही औषधांच्या जुन्या सारख्याच बाटल्या, आणि एकीवरही चिठ्ठी नाही. तान्ह्या बाळाजवळ निलगिरीची बाटली उघडायची नाही, त्याला श्वास पुरत नाही, हे अख्ख्या चाळीला शिकवलं होतं सुंदराबाईंनीच.

चिठ्ठी लावायचा विषय ललितानं पूर्वी एकदा काढला होता. सुंदराबाई केवढ्या हसल्या होत्या. "अगो मास्तरणी, तू डोळ्यांनी वाचतेस, मी नाकानं. माझं नाक म्याट्रिक झालेलं आहे."

तसं ते होतंही. कणकवलीकडच्या त्यांच्या आजोळी एक वैद्य गवती चहाचा अर्क काढायचा, त्याच्या भट्टीपाशी बसून त्या वास शिकल्या. लग्न होऊन मुंबईला आल्या. नवरा रामजी गिरणीत पिंजणखात्यात, छातीत कापूस साचून रात्रभर खोकायचा. त्याच्या छातीला निलगिरी, उशीला वाळा. तो गेला, पण उशीच्या वाळ्यानं शेवटची दोन वर्षं झोपला, हे त्या अभिमानानं सांगत. मग चाळ येऊ लागली. परीक्षेची धास्ती, दवणा घे. नवऱ्याशी अबोला, मोगरा घे, आणि तूच आधी बोल. पैसे घेत नसत. एक रिकामी बाटली धुऊन आणून द्यायची, एवढंच. त्या बदल्यात उपदेश मात्र भरपूर मिळे.

उन्हाळ्यात तापाची साथ आली. सुंदराबाई आठवडाभर अंथरुणात होत्या, मग उठल्या, आणि त्यानंतर चाळीत चमत्कार सुरू झाले. झोप यावी म्हणून वाळा मागणारे तात्या रात्रभर टक्क जागे राहिले. सर्दी मात्र साफ गेली. शेवंतीला पाहायला पाहुणे यायचे होते, तिच्या केसांना मोगऱ्याऐवजी ओव्याचं तेल लागलं. पाहुणे सारखी भज्यांची आठवण काढत होते. लग्न ठरलं, ही देवाची कृपा.

"मुद्दामच दिलं मी," सुंदराबाई म्हणाल्या होत्या. "बाईमाणसाच्या अंगाला स्वयंपाकाचा वास असला की सासू खूश."

पूल ओलांडला. समोरून चारपाच कामगार आले. त्यांनी सुंदराबाईंची पाठ पाहिली आणि मागून आरोळी ठोकली, "झालाच पाहिजे!"

सुंदराबाईंनी वळून मूठ उगारली. "झालाच पाहिजे रे पोरांनो!" मग ललिताला म्हणाल्या, "बघ, आज लोकांत केवढा जोर आहे. मला बघून घोषणा देतायत."

"तुमच्यात आहेच तसं काहीतरी, मावशी," ललिता म्हणाली.

भेंडी बाजारात अत्तरवाल्यांची दुकानं बंद होती, तरी फळ्यांच्या फटींतून केवडा दरवळत होता. एरवी सुंदराबाई इथं उभ्या राहून डोळे मिटत आणि आत काय काय आहे ते मोजून सांगत. आज "उन्हं चढली" म्हणत सरळ पुढे गेल्या. ललितानं मनात दत्तगुरूंचं नाव घेतलं आणि पिशवीकडे पाहिलं.

"मावशी, निलगिरीची कुठली हो यातली?"

"कुठली म्हणजे? जी आहे ती."

मुगभाटातल्या त्या खोलीत राधाबाईनं पाणी दिलं, आणि कोपऱ्याकडे नुसती मान हलवली. अंबिका बाळाला मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली होती. सुंदराबाईंनी पिशवी उघडली. हात एका बाटलीवर गेला, तिथून दुसरीवर, परत पहिलीवर. ललिता पुढे सरकली. आता बोलावं लागणार होतं, राधाबाईच्या देखत.

"बाळाला घे गो मास्तरणी, बाहेर सज्ज्यात जा जरा," सुंदराबाई म्हणाल्या.

ललितानं बाळ उचललं आणि दाराबाहेर जाऊन कान आत ठेवला.

"हे बघ पोरी," सुंदराबाई सांगत होत्या, "मी आजवर लोकांना सांगत आले, हा अमका वास, तो तमका. आज तू सांग. कसला येतो?"

बूच निघालं तेवढं ऐकू आलं.

"चुकलीस तर मी काय छडी मारणार नाही. छडीवाली बाहेर गेली."

मग बारीक आवाज आला, "डोक्यात जातो. नको."

बूच परत बसल्याचा आवाज आला. ही निलगिरी, ललितानं हिशेब केला.

"बरं. आणि ही?"

दुसरं बूच निघालं. मग, "आईच्या माठातल्या पाण्यासारखा."

"माठात काय टाकते आई?"

"वाळ्याची जुडी." आणि पाठोपाठ हुंदका फुटला. मग पोर थांबेचना. माहेर बेळगावचं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण साथ होती म्हणून पाठवली नाही. आई येणार होती, तिलाच ताप आला. आईनं बाळ पाहिलं नाही. बाळाला न्हाऊ घालताना रोज वाटतं, आपलं काहीतरी चुकतंय, आणि विचारायला कुणी नाही.

"अगं, मला नाही का विचारायचं?" राधाबाईनं विचारलं.

"तुम्ही रागवाल असं वाटलं."

राधाबाई म्हणाली, "हरताळ उठला की तार करते तुझ्या आईला. ये म्हणावं, महिनाभर राहा."

परतताना सी. पी. टँकपाशी सुंदराबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मावशी," ललिता म्हणाली, "वास कधीपासून येत नाही?"

"कोण म्हणतं?"

ललितानं त्यांचा पदर पाठीवरून पुढे ओढून दाखवला. सुंदराबाईंनी ती उलटी लाल अक्षरं बोटानं चाचपली.

"म्हणजे ती पोरं घोषणा देत होती ते हे वाचून..."

"हो."

सुंदराबाई हसायला लागल्या आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला, नेमका रंगाचाच. "तापातून उठले ती अशीच. माका वास येणा नाय गो. आज सकाळी देवाची फुलं काढताना मोगरा नाकाला लावून बघितला. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही ना? आता माझं हुंगलेलंही सोवळंच."

ललिता म्हणाली, "मी बाटल्यांना चिठ्ठ्या लावून देते."

"मला कुठे वाचता येतं? आणि चिठ्ठ्या दिसल्या की चाळ ओळखेल. मग कोण येईल माझ्याकडे?" त्या थोडं अंतर चालल्या. "तू असं कर. आंघोळ करून, शाळेत जायच्या आधी रोज ये. माझ्या बाटल्या हुंगून जा. तू सांगशील तशा मी फडताळात ओळीनं मांडून ठेवीन. कुणी विचारलं तर सांग, केस गळतात म्हणून तेलाला जाते."

"माझे केस गळत नाहीत, मावशी."

"गळतील. शाळामास्तरीण आहेस." मग त्यांनी ललिताचं मनगट धरलं. "आणि एक कर. नुसतं वाळा, मोगरा असं सांगू नकोस. त्या पोरीनं सांगितलं ना, तसं सांग. कशासारखा येतो, ते सांग."