शर्यतीचा भोंगा

दर हिवाळ्यात शिडाच्या होड्यांची शर्यत लागली की मी अजूनही वरळीला जाते. मुलं चिडवतात, "आईला कळतं तरी का कोण जिंकलं?" नाही कळत. मी जाते ती भोंग्यासाठी.

गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटून गेलं तरी बाबांचा एकच धोशा होता, "भोंगो होतलो. भोंगो झाल्याशिवाय मी हलूचंय नाय." मामाने त्यांच्यासाठी औषधांच्या गोदामात नोकरी बघून ठेवली होती, पण ती जागा काही जन्मभर रिकामी राहणार नव्हती. आई रडून झाली, भांडून झाली. गिरणीत साच्यावर कापड विणत उभं आयुष्य काढलेला माणूस बीडीडी चाळीतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. मी कॉलेजात होते आणि मला त्यांचा भयंकर राग यायचा.

एका रविवारी आईने फर्मान काढलं, "यांना जरा वारा दाखवून आण, नाहीतर मीच वेडी होईन." मी त्यांना अक्षरशः ओढत कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर नेलं. कठड्यावर ही गर्दी! सगळे गिरणीवालेच. घरात बसून तरी किती बसणार?

समोर बघितलं आणि आईशप्पथ, बोलतीच बंद झाली. समुद्रभर पांढरी शिडं. शेजारी मासळी वाळत घालणारी कोळीण म्हणाली, "दरसाल लागते ही शर्यत. पार गोव्याच्या, मद्रासच्या होड्या येतान." इंजिनाची घरघर नाही, काही नाही. एवढाल्या होड्या नुसत्या वाऱ्यावर कलंडायच्या, आता उलटली म्हणेपर्यंत सावरायच्या. बाबांनी कितीतरी दिवसांनी मान वर केली.

"कापड तरी केवढा गो ह्या!" ते पुटपुटले.

इतक्यात पंचांच्या बोटीवरून शर्यत सुटल्याचा भोंगा वाजला. लांबलचक, थेट गिरणीच्या भोंग्यासारखा. आणि काय सांगू, कठड्यावरचे सगळे गिरणीवाले ताडकन उभे राहिले! एकाने तर डबा उचलायला बाजूला हात घातला. बाबाही उभे, सदऱ्याची बटणं लावत. कुणी कुणाकडे बघेना.

मग एक म्हातारा खो खो हसत सुटला. "बसा रे बसा, हो आपलो भोंगो नाय!" सगळे हसले. एकेक करून खाली बसले. काहींनी डोळे पुसले, आणि मीही पुसले.

तिकडे शिडं टम्म फुगली होती. सगळ्या होड्या एकदम वळल्या आणि उघड्या समुद्रात घुसल्या. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. देवळातसुद्धा मला कधी असे आपोआप हात जोडावेसे वाटले नव्हते.

वळून बघते तर बाबा उभेच. नजर त्या शिडांवर.

"बसा ना, बाबा."

शेवटची होडी लांब गेल्यावर त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मग म्हणाले, "तुझ्या मामाक निरोप दी. उद्या कामार येतंय म्हणान सांग. आता उठलंय, मगे बसूचंय नाय."