आबांचा पेजर

आबांना ऐकू येत नाही हे आम्हाला कळायला फार उशीर झाला, कारण आमच्या घरात सगळेच ओरडून बोलायचे. सुरतेच्या डिंडोलीत आमच्या गल्लीत घरटी एक माणूस तरी यंत्रमागावर होता, आणि दिवसभर मागाच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस घरी येऊन हळू बोलेल ही अपेक्षाच चुकीची. पाहुणे यायचे तेव्हा त्यांना वाटायचं आमच्यात भांडण चाललंय. त्यामुळे आबा वरच्या पट्टीत बोलतात याचं कुणाला काही वाटलं नाही. माय मात्र एकदा चुलीपाशी मला म्हणाली, "मांगेतीन हाक मारी तं वळतस नही." मी सरळ आबांना विचारलं. ते भडकले. "माले समदं ऐकू येस. तुम्हीनच हळू बोलतस." आमच्या गल्लीवर हा आरोप यापूर्वी कुणी केला नव्हता.

आबा मास्तर होते. शाळेतले नव्हे. सुरतेत बिघडलेला माग दुरुस्त करणाऱ्याला मास्तर म्हणतात, आणि माग जिथे चालतात त्या शेडला खातं. खानदेशातून आले तेव्हा ते माग चालवणारे साधे कारागीर होते, पण यंत्रात हात चालला म्हणून मास्तर झाले. एका शेठची नोकरी नव्हती. गोडादरा, लिंबायत, एक-दोन कामरेजच्या बाजूला, अशी वेगवेगळी खाती त्यांना बोलवायची. बोलावणं आलं तर काम, नाही आलं तर घरी बसा. आमचं सगळं घर या बोलावण्यावर चालायचं.

आणि मास्तरला बोलावतात ते त्याच्या पान्यांसाठी नाही, कानांसाठी. माग बिघडण्याआधी त्याचा ठेका बदलतो. आबा खात्यात शिरायचे, मागांच्या दोन ओळींमध्ये डोळे मिटून उभे राहायचे आणि मग चालत जाऊन नेमक्या त्याच मागावर हात ठेवायचे, जो अजून बंद पडलेला नसायचा. लहानपणी मी डबा द्यायला जायची तेव्हा हे पाहिलंय. मला त्या वेळी त्यांचा जो अभिमान वाटायचा तो पुढे कुणाचाच वाटला नाही. आता तेच कान जात होते, आणि शेठ लोकांना ते कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी नवा मास्तर दारात उभा राहिला असता. तेव्हा कळू द्यायचं नाही, एवढं एकच आमच्या घरात ठरलं. ठरलं म्हणजे माय आणि मी ठरवलं. आबांच्या मते त्यांना सगळं ऐकू येतच होतं.

गंमत अशी की खात्याच्या आत बहिरेपण लपायचं. तिथे कुणालाच काही ऐकू येत नाही, सगळे हातांनी आणि ओठांनी बोलतात. घात व्हायचा तो बाहेर. मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एसटीडीच्या बूथवर बसायची. खात्यांचे फोन तिथेच यायचे. मग आबा ज्या खात्यात असतील तिथे मी फोन करायची, तिथला मेहताजी, म्हणजे हिशेबाचा कारकून, आत जाऊन आबांना ओढून ऑफिसात आणायचा आणि रिसीव्हर त्यांच्या हातात द्यायचा. मी इकडून घसा फोडायची आणि आबा तिकडून भलतंच उत्तर द्यायचे. मी गोडादरा म्हणाले की ते "हो, जेवलो" म्हणायचे. मेहताजी शेजारी उभा. असं किती दिवस चालणार, या विचाराने माझा जीव टांगणीला लागायचा.

पेजर मी पहिल्यांदा पाहिला तो एका कापडाच्या दलालाकडे. तो फोन करायला आला आणि त्याने ते काळं डबडं काउंटरच्या काचेवर ठेवलं. ते न वाजता नुसतं थरथरत काचेवरून सरकायला लागलं. मी हातातलं बिल टाकून त्याच्याकडे बघत बसले. दलालाला वाटलं, पोरगी गावंढळ आहे. वाटू दे. माझ्या डोक्यात तेवढ्यात सगळं जुळलं होतं. कानाची गरजच नाही, कमरेला कळलं की झालं.

घरात त्यावरून चांगलंच वाजलं. माय म्हणाली, हे शेठांचं खेळणं. मी बूथच्या पगारातून घेणार म्हटल्यावर तिचा विरोध मावळला. अक्षरं दाखवणारा पेजर महाग होता, शिवाय त्याची अक्षरं इंग्रजी आणि आबांचं इंग्रजी पान्यांच्या आकड्यांपुरतं. म्हणून नुसते आकडे दाखवणारा स्वस्तातला घेतला आणि आम्ही बापलेकीनं बसून आकड्यांची भाषा बनवली. पहिला आकडा खात्याचा, दुसरा बिघाडाचा, तिसरा घाईचा. गोडादऱ्याचं जुनं खातं म्हणजे एक. धोट्याची तक्रार एक, पट्टा दोन, मोटर तीन. घाईत एक म्हणजे आत्ताच्या आत्ता, दोन म्हणजे संध्याकाळपर्यंत, तीन म्हणजे उद्या आलात तरी चालेल. आबांना ते एका बैठकीत पाठ झालं. फोनवर आकडे घेऊन पुढे पाठवणाऱ्या पेजर कंपनीच्या बाईला मात्र झेपेना. रोज तीन-तीन आकडे ऐकून ती शेवटी दबक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, ये मटके का नंबर है क्या?" मी हसता हसता काउंटरवर डोकं टेकलं.

आता सगळ्यांच्या खिशात फोन असतो आणि तो सगळ्यांना कामाची आठवण करून देतो. माझ्या ऑफिसातली मुलं दिवसाचं वेळापत्रक रंगीत खान्यांत मांडतात आणि मोठं काही केल्यासारखी एकमेकांना दाखवतात. मला त्यांच्यासमोर हसू आवरावं लागतं. मी ते बूथवर बसून, आकडे दाखवणाऱ्या डबड्यावर केलंय. फोन आला की मी लगेच पेज करायची नाही. आधी शेठकडून नीट काढून घ्यायची, माग बंद आहे की नुसता कुरकुरतोय, एक आहे की ओळच्या ओळ. मग बघायची आबा कुठे आहेत. गोडादऱ्यात असतील तर तिथलं सगळं उरकून मगच लिंबायत. कामरेजचं काम साठवून एकाच दिवशी. पूर्वी त्यांची अर्धी ताकद सायकल उलटसुलट मारण्यात जायची, ती वाचली. खात्यात गेले की कुणाशी बोलायचं कामच उरलं नाही. बिघाड काय तो कमरेवर लिहिलेला. जायचं, माग उघडायचा, लावायचा, हात पुसायचे, निघायचं.

शेठ लोक खूश झाले. मास्तर आता टाइमवाला झाला म्हणायला लागले. नवी खाती जोडली गेली, आकडे अपुरे पडायची वेळ आली. आबा शर्ट खोचून घालायला लागले, पेजर दिसावा म्हणून. मायनं एके दिवशी पुरणाचे मांडे केले, सण नसताना. त्या काही महिन्यांत आम्ही जिंकलो असं मला खरोखर वाटत होतं.

पण खाती वाढली तसा खडखडाटही वाढला. आधी आबा मध्ये मध्ये रिकामे असायचे, तेवढा कानांना आराम. आता माझ्या नियोजनात रिकामा वेळ शिल्लकच नव्हता. मी त्यांना एका आवाजातून काढून दुसऱ्या आवाजात पाठवत होते, अगदी वेळेवर. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, नस गेली आहे, औषध नाही, मशीन लावून बघा. मशीन लावून आबा एक दिवस खात्यात गेले आणि दुपारीच परत आले. कपाळ धरून बसले. "कानमा आख्खं खातं घाली दिधं," म्हणाले. ते मशीन मायनं कपाटात साड्यांखाली ठेवलं. डॉक्टरांना मी विचारलं होतं, काम बंद केलं तर उरलेलं वाचेल का. त्यांनी वर बघितलं नाही. म्हणाले, उरलंय कुठे?

काम बिघडतंय हे सगळ्यांत आधी मला कळलं. आबांनाही नाही, शेठांनाही नाही. कारण फोन मी घेत होते. ज्या खात्यातून परवा पट्ट्यासाठी फोन आला होता तिथूनच आज पुन्हा पट्टा. आबांनी लावलेला माग परत बंद पडणं, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मी एक दिवस मुद्दाम गोडादऱ्याला गेले. आबा मागाच्या चौकटीवर तळहात ठेवून उभे होते, डोळे मिटून, पूर्वी कान लावायचे तसे. पण ओळीतले सगळेच माग हलत होते, जमीन हलत होती. तळहाताला काय कळणार? त्यांनी हात काढला, बाजूच्या मागावर ठेवला, पुन्हा पहिल्यावर आणला. मग पाना घेऊन भलतंच काहीतरी उघडायला बसले. कारागीर माझ्याकडे बघत होता. मी नजर चुकवली आणि तिथून निघून आले.

पुढे तर मी शेठांना फोनवर खोदून खोदून विचारायला लागले. कोणता माग, कुठला भाग, आवाज कसा येतोय, खट्ट की खर्र. त्यावरून आबांना नेमका बिघाड कळवता येईल अशी माझी आशा. शेठ वैतागायचे. "बेन, ए बधुं मास्तर जोशे ने!" त्यांचं बरोबर होतं. आवाज ऐकणं हे मास्तरचं काम होतं, फोनवरच्या पोरीचं नव्हे. आणि खट्ट आणि खर्र यांच्यामध्ये जे काही शेकडो आवाज आबांना ओळखू यायचे, त्यांना आकडे देणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

गोडादऱ्याच्या जुन्या शेठचा एक दिवस फोन आला. माणूस भला होता, आबांना अगदी सुरुवातीपासून बोलावणारा. इकडचं तिकडचं बोलला, घरी सगळे ठीक ना विचारलं आणि मग म्हणाला, "बेन, मास्तरने काने तकलीफ छे?"

"नाही शेठ," मी म्हणाले, "सर्दी झालीय. कान भरलेत. आठवड्यात बरे होतील."

"ना ना, एम ज पूछ्युं," तो सहज विचारल्यासारखं म्हणाला. मी म्हटलं, काही काम असेल तर आत्ता पाठवते. "काम होय तो फोन करीश." त्याने आवाज इतका मऊ केला होता की मला रडू फुटलं. रिसीव्हर ठेवून मी गिऱ्हाईकाला सुट्टे पैसे दिले ते चुकीचे दिले.

सुरतेत मास्तरला कुणी काढून टाकत नाही. बोलावणं बंद होतं, एवढंच. आधी गोडादऱ्याचा फोन थांबला, मग लिंबायतचं एकेक खातं. नवी जोडलेली तर त्याही आधी गेली होती. कुणी तक्रार केली नाही, भांडलं नाही. भांडले असते तर मी भांडले असते, तोंड होतं मला. बूथवरचा फोन दिवसभर वाजायचा आणि तो दुसऱ्यांसाठी असायचा.

आबा रोज सकाळी अंघोळ करून, शर्ट खोचून, पेजर लावून ओट्यावर बसायचे. मध्येच कमरेवर हात नेऊन चाचपायचे. एकदा सेल बदलला. काही दिवसांनी पुन्हा बदलला. मायनं मला खुणेनं विचारलं, सांगायचं का? मी नकारार्थी मान हलवली. कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं. खोटे आकडे पाठवावेत असंही मनात येऊन गेलं, पण ते सायकल काढून खरंच गेले असते.

मग एका दुपारी ते बूथवर आले. नवाकोरा सेल त्यांनी माझ्यासमोर आत बसवला. "हाई बिघडेल दिसस," म्हणाले, "फोन लाव."

"ऱ्हाऊ द्या आबा."

ते माझ्या ओठांकडे बघतच नव्हते. पेजर उघड्या तळहातावर ठेवून त्याच्याकडे बघत होते. मी फोन लावला. पलीकडच्या बाईनं आकडे विचारले आणि मी अडले. कोणताही आकडा म्हणजे कुठलं तरी खातं होतं. शेवटी म्हणाले, शून्य. फक्त शून्य पाठवा.

आम्ही वाट बघत राहिलो. काचेच्या खोक्यात एक माणूस गावाला फोन करत होता, बाहेर दोघं रांगेत होते. मी आयुष्यात कधी एखादं यंत्र बंद पडावं म्हणून इतका धावा केला नाही. आबांच्या तळहातावर ते थरथरायला लागलं. चांगलं जोरात थरथरलं.

"चालू शे," आबा म्हणाले. खात्यात बोलायचे तेवढ्या मोठ्याने. रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

मी मान डोलावली. त्यांनी पेजर उलटा केला, मागचं झाकण काढलं, सेल काढून बोटांत धरला आणि मला विचारलं, "हाऊ सेल दुकानवाला वापस लेई का?"